मागाचा माग

गाईड मॅडम चहा पिता पिता म्हणाल्या, "आधी एक स्कोपिंग रिव्ह्यू करून टाक, मग बघू," आणि मी पण "हो मॅडम" म्हणून निघाले, जणू येताना नवी पेठेतून कोथिंबीर आणायची होती.

विषय शोधायला सोलापुरात लांब जावं लागत नाही. आमच्या मागच्या गल्लीतच टॉवेलचे लूम आहेत, दिवसभर खटक-खटक, म्हणून यंत्रमाग कामगार आणि आवाजाने येणारा बहिरेपणा असं ठरवलं. आईला सांगितलं की यावर जगात कुणी काय काय लिहिलंय ते सगळं हुडकायचं आणि काय झालंय, काय राहिलंय त्याचा नकाशा काढायचा. आई म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं मोजायचं. तू काय करणार नाहीस." आणि भाकरी थापायला लागली.

कागदावर सोपंच दिसतं हो. आर्क्सी आणि ओमॅली या दोन संशोधकांनी 2005 साली अशा रिव्ह्यूच्या पाच पायऱ्या सांगून ठेवल्यात, प्रश्न ठरवा, शोधा, निवडा, तक्त्यात भरा, मांडा. सहावी ऐच्छिक, ज्यांचा विषय आहे त्यांच्याशी बोला. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसारखा कुठला अभ्यास चांगला, कुठला भिकार याचा निकाल इथे सहसा लावायचा नसतो. म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत सगळीकडे फिरायचं, पाळणे किती, भजी कुठे ते लिहून घ्यायचं, पण भजी तेलकट होती हे लिहायचं नाही! सोलापूरच्या माणसाला हे कसं जमणार?

खरी माती खाल्ली ती सर्चमध्ये. लूम, लूम्स सगळं एकदम यावं म्हणून मी हुशारीने शब्दाच्या शेवटी स्टार टाकला, आणि आलं काय, तर लूमिंग. अंगावर काहीतरी चाल करून येतंय असं दिसलं की टोळ कशी उडी मारतो, माशी कशी पळते, यावर मेंदूवाल्यांनी केवढं काम करून ठेवलंय! माझ्याकडे विणकर मूठभर आणि टोळांची ही धाड. त्यात पबमेड आणि स्कोपस, पेपर शोधायचे दोन डेटाबेस, एकातला पेपर दुसऱ्यात परत, म्हणजे डुप्लिकेट काढा.

मग स्क्रीनिंग, म्हणजे कुठला पेपर ठेवायचा, कुठला काढायचा, ते दोघांनी वेगवेगळं करायचं असतं म्हणून मैत्रिणीला हुरडा पार्टीचं आमिष दाखवून बसवली, मे महिना, लाईट गेलेली, आणि हुरडा थंडीत मिळतो हे तिला चौथ्या दिवशी आठवलं. मी घेतलेला पेपर ती काढणार, ती घेणार तो मी. "हातमाग आहे बे हा, यंत्रमाग नाही!" "आवाज तर आहे की बे!" शेवटी भांडण मॅडमकडे. मॅडमनी दोघींचं ऐकून 2018 ची प्रिझ्माची, म्हणजे रिव्ह्यूत काय काय लिहायचं ते सांगणाऱ्या नियमावलीची, स्कोपिंगवाली चेकलिस्ट हातात दिली, 20 मुद्दे सक्तीचे, 2 ऐच्छिक, आणि वर म्हणाल्या, "सहावी पायरी पण करून टाक."

म्हणून काल मागच्या गल्लीत गेले. काका तीस वर्षं लूमवर. चार लूम चालू, मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "काका, आवाजाचा त्रास होतो काऽऽ?"

काकांनी धोटा बदलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कसला आवाज?"

हे आता कुठल्या कॉलममध्ये भरू?