जहाजं कोणी जाळली? एका दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

‘तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आहे, सर-बिर म्हणू नकोस, दादा म्हण,’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून दादा. पुढे राघोबादादांचाही विषय येणार आहे, तेव्हा गल्लत होऊ देऊ नका.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉरक्राफ्ट या खेळमालिकेतले दोन घसरलेले वीर मी शेजारी-शेजारी ठेवले होते. एक लॉर्डरॉनचा राजपुत्र आर्थस, दुसरा ऑर्क या लढवय्या जमातीचा सरदार ग्रॉम हेलस्क्रीम. दोघांची पडझड 2002 सालच्या तिसऱ्या वॉरक्राफ्टमध्ये दिसते. आर्थस स्ट्रॅथोम शहरात पडला आणि ग्रॉम पडूनही सावरला, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमच्या चार हरकती आहेत. स्ट्रॅथोममध्ये आर्थसने केलं ते करायलाच हवं होतं. पुढचं पाप त्या शापित तलवारीचं, ‘आत्माच चोरीला गेलेल्या माणसाला दोष कसला?’ ग्रॉमला मी फुकट सोडलं. आणि शेवटची कोपरखळी अशी, की इंदूरचा मुलगा असून घरातला पडलेला वीर सोडून परक्या राजपुत्राच्या मागे कशाला लागलास?

पहिल्या हरकतीवर मी हरलो. आधी वाद घालायला बसलो होतो, पण तो सगळा भाग परत पाहिला आणि तुमचंच बरोबर निघालं.

अँडोरहालहून गावोगाव गेलेलं धान्य विषारी आहे. ते खाल्लेला माणूस मरून पुन्हा उठतो तो शत्रूचा सैनिक म्हणून. आर्थसने हे कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आदल्याच मोहिमेत हार्थग्लेन गावात लोक त्याच्या डोळ्यांदेखत बदललेत आणि त्याच्यावरच चालून आलेत. स्ट्रॅथोमच्या वेशीवर तो पोचतो तेव्हा धान्य वाटून झालेलं आहे. तो म्हणतो, शहर कापून काढावं लागेल. त्याचा गुरू उथर म्हणतो, दुसरा काहीतरी मार्ग असलाच पाहिजे. पण तो मार्ग कोणता, हे काही सांगत नाही. त्याची मैत्रीण, जादूगार जेना म्हणते मला हे बघवत नाही, आणि निघून जाते. तुम्ही लिहिलंत, ‘दोघांनी हात झटकले आणि सोवळ्यात राहिले.’ भाषा जरा कडक आहे, पण आक्षेप खरा आहे. मागच्या लेखात उथरला मी जवळजवळ रामशास्त्री करून टाकलं होतं. रामशास्त्र्यांनी निदान निकाल तरी दिला होता.

तो टप्पा मी पहिल्यांदा खेळलो तो घरी नव्हे, रामबागेजवळच्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये, पंखा एकच, तोही मालकाच्या डोक्यावर. मामेभाऊ शेजारच्या खुर्चीत. त्या टप्प्यात पडद्यावर दोन आकडे पळत असतात. मॅल्गॅनिस नावाचा राक्षस शहरातली माणसं आपल्या फौजेत ओढत असतो आणि त्याचे शंभर होण्याआधी तुम्ही तुमचे शंभर मारायचे. घर फोडायचं, आतून माणसं बाहेर पडतात, ती बदलतात, त्यांना मारायचं, की पुढचं घर. भाऊ कबड्डीच्या मॅचला ओरडावं तसा ओरडत होता, ‘सात बाकी, भिया, जल्दी!’ शंभर झाले तेव्हा आम्ही टाळी दिली. आपण काय केलं हे तेव्हा मनातही आलं नाही. मागच्या लेखात स्ट्रॅथोमवर मी एवढा घसरलो त्यात त्या टाळीची लाज बरीच असावी. पण माझी लाज म्हणजे आर्थसचा गुन्हा नव्हे, हे तुमच्यामुळे ध्यानात आलं.

‘खेळाडूला पर्यायच नसतो, मग नीतीची चर्चा कसली’ असंही तुम्ही जाता जाता म्हणता. पर्याय नसतो हे खरं. पण हात आपलाच असतो ना. 2008 साली याच कत्तलीवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक अख्खी मोहीम आली. तिथे इतिहास बिघडू नये म्हणून पाच खेळाडूंनी भूतकाळात जायचं आणि आर्थसला शहर कापायला मदत करायची! बनवणाऱ्यांनाही तो प्रसंग सोडवेना, यात सगळं आलं.

आता तलवारीवर येतो. इथे मात्र मी हटणार नाही.

स्ट्रॅथोम आणि तलवार यांच्या मधे एक प्रसंग आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही, आणि माझ्या लेखात तो एका वाक्यात उरकला होता, तेही चुकीच्या. ‘रागाच्या भरात त्याने स्वतःची जहाजं जाळली’ असं मी लिहिलं होतं. राग नव्हताच तिथे. मॅल्गॅनिसचा पाठलाग करत आर्थस बर्फाळ नॉर्थरेंडला पोचलाय. मागून राजाचा निरोप येतो की मोहीम बंद करा, सैन्य परत आणा. सैनिक हरखतात, सामान बांधून किनाऱ्याकडे निघतात. आर्थस काय करतो? जंगलातले भाडोत्री लढवय्ये पैसे देऊन गोळा करतो, आडवाटेने सैनिकांच्या आधी किनारा गाठतो आणि जहाजं पेटवून देतो. आणि सैनिक येऊन पोचल्यावर त्याच भाडोत्र्यांकडे बोट दाखवतो. या राक्षसांनी तुमची जहाजं जाळली, तुमची घरची वाट बंद केली, मारा यांना! सैनिक बिचारे मारतात.

बौना सरदार मुरादिन शेजारी उभा राहून हे बघतो आणि तोंडावर सांगतो, तू आत्ता आपल्याच माणसांशी खोटं बोललास, आणि जे तुझ्यासाठी लढले त्यांना दगा दिलास. आर्थसचं उत्तर काय, तर मॅल्गॅनिसने माझ्या देशाचं काय केलं ते तू पाहिलेलं नाहीस. प्रश्न काय, उत्तर काय!

फ्रॉस्टमोर्न तलवार यानंतर येते, दादा. या वेळेपर्यंत त्याचा आत्मा त्याच्याचपाशी होता, शाबूत. स्ट्रॅथोममध्ये त्याने जे केलं ते सांगून केलं. गुरूच्या तोंडावर बोलला, उथरच्या पॅलाडिनांना, म्हणजे धर्मयोद्ध्यांना, सेवेतून बाजूला केलं, जेनाला जाऊ दिलं. ज्याला सोबत यायचं नव्हतं तो गेला, जो राहिला तो कशासाठी राहतोय हे जाणून राहिला. किनाऱ्यावर त्याने कुणालाच जाऊ दिलं नाही, आणि का जाता येत नाही तेही खोटंच सांगितलं. आर्थस पडला तो इथे. तलवारीचा शाप मुरादिन वाचून दाखवतो तेव्हा हा म्हणतो, देशासाठी कुठलाही शाप मी आनंदाने भोगेन. ज्या देशाची माणसं नुकतीच फसवून बर्फात अडकवली, त्याच देशासाठी. चोर घरात शिरला हे कबूल, पण कडी आतून काढलेली होती.

तलवारीनंतरचं मला कथेपेक्षा खेळाच्या यंत्रणेत जास्त सापडलं. पॅलाडिन आर्थसकडे एक पवित्र प्रकाश असतो. तो जिवंताच्या जखमा भरतो आणि मुडद्यांना भाजतो. पुढच्याच मोहिमेत तोच आर्थस डेथ नाइट होऊन आपल्या हाताखाली येतो, आणि त्या जागी मृत्यूचा एक लोळ असतो जो मुडद्यांना बरं करतो आणि जिवंतांना जाळतो. पॅलाडिनची सर्वांत मोठी विद्या म्हणजे पडलेले सोबती जिवंत करणं. डेथ नाइटची, मेलेल्यांना थोड्या वेळापुरतं उठवून राबवणं. साचा तोच ठेवून आतलं सगळं उलटं केलंय. बापाला सिंहासनापाशी मारण्याचा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात हे दोन मंत्र राहिलेत.

आणखी एक गंमत. पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आइसक्राउनच्या मोहिमांत मॅथायस लेनर नावाचा एक पोरगा भेटतो. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की आर्थस मेनेथिल हेच नाव निघतं. अक्षरं हलवून माणूस लपवायची खोड आपल्याला नवी नाही, म्हणून आता राघोबादादा.

तुमची कोपरखळी मला आवडली. पण मी सुचवतो ते ठिकाण तुमच्या मनात नसेल. राघोबाच्या पडण्याचा विषय निघाला की सगळे थेट 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात जातात. नारायणराव, गारदी, ‘ध’चा ‘मा’. ती अक्षर बदलल्याची गोष्ट खरी की रचलेली, यावर वाद घालणारे घालोत. आपण माळव्यातली माणसं, आपण सहा वर्षं मागे जाऊ.

1758 मध्ये अटकेकडे झेंडे नेणारा हा राघोभरारी, आणि उत्तरेतल्या त्या स्वारीत सोबत आपले मल्हारराव. 1766 ला मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मालेराव गेले. गादीवर पुरुष नाही, म्हणून दिवाण गंगाधर यशवंतांच्या सांगण्यावरून राघोबा फौज घेऊन होळकरांची दौलत ताब्यात घ्यायला निघाले. क्षिप्रेपाशी येऊन पाहतात तर पलीकडे तुकोजी होळकर लढायच्या तयारीत उभे. पुढचं आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. दादासाहेबांनी निरोप धाडला, आम्ही तर मालेरावांच्या दुखवट्याला आलोय. त्यावर उत्तर गेलं, मग एवढी फौज कशाला, पालखीतून या.

आजी हे सांगताना ‘पालखीतून या’वर थांबायची आणि हसायची. मी पण हसायचो. आता मला त्याच्या आधीचं वाक्य खुपतं. दौलत हवी म्हणून चालून येणं हे त्या काळी कुणी केलं नाही? पण ज्या मल्हाररावांबरोबर उत्तर पालथी घातली, त्यांच्याच नातवाचा मृत्यू आपली फौज झाकायला वापरायचा? माझ्या हिशोबात राघोबादादा शनिवारवाड्यात पडले नाहीत, क्षिप्रेकाठी पडले. शनिवारवाड्यात फक्त आवाज ऐकू आला. आर्थसचंही तसंच आहे. बापाच्या खुनाचा गाजावाजा झाला, पण जहाजं त्याआधीच जळून गेली होती.

राहिला ग्रॉम. ‘मेला छान म्हणून तुला तो आवडतो,’ हे तुमचं वाक्य झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. ऑर्कांचा म्होरक्या थ्रॉल, त्याने ग्रॉमला लाकडं तोडायला पाठवलं होतं. तिथे सेनारियस भारी पडायला लागला तेव्हा त्याने राक्षसाच्या रक्ताने नासलेलं पाणी जाणूनबुजून प्यायलं, आपल्या माणसांनाही पाजलं आणि त्या जंगलाच्या रक्षकाला ठार केलं. मागच्या लेखात मी सेनारियसचं नावही घेतलं नव्हतं. चूक कबूल.

पण शेवटी ज्याचं ते रक्त त्याच राक्षसाला, मॅनोरॉथला, मारून तो मेला, एवढ्यामुळे मी त्याला आर्थसच्या वर ठेवत नाही. रक्ताचा अंमल पुरता चढलेला असताना, डोळे लाल असताना, थ्रॉल त्याला विचारतो, राक्षसांनी आपल्या लोकांचं असं का केलं? ग्रॉम म्हणतो, त्यांनी केलं नाही, ते रक्त पहिल्यांदा आम्हीच आपखुशीने प्यालो. ऑर्कांची अख्खी पिढी आपण शापित आहोत, आपल्याला फसवलं गेलं, असं मानून जगत होती. थ्रॉलची सगळी उभारणी त्याच समजुतीवर. आणि हा माणूस पुरता घसरलेल्या अवस्थेत, स्वतःच्या फायद्याचं काहीही नसताना, ते मोडून टाकतो. आर्थसचा आत्मा जागेवर होता तेव्हा तो खोटं बोलला. ग्रॉमच्या अंगात राक्षस होता तेव्हा तो खरं बोलला. तलवारीला आणि रक्ताला दोष देण्याआधी या दोघांचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

सिल्व्हानस या एल्फ सेनापतीबद्दल तुम्ही विचारलंय, ते राहू द्या. तिला मारून मुडदा बनवलं तेच आर्थसने, आणि पुढे 2018 मध्ये तिने टेल्ड्रासिल हे एल्फांचं झाडावरचं शहर जाळलं त्यावर अजून माझंच मन एका जागी ठरत नाही. इल्लिडन हाही त्याच खेळातला एक घसरलेला वीर, त्याच्यावर वेगळं लिहिणार आहे.

मूळ लेख दुरुस्त केलाय. सेनारियसचा परिच्छेद नवा आहे, उथरची स्तुती कमी केलीय. ‘रागाच्या भरात त्याने जहाजं जाळली’ हे वाक्य काढून टाकलेलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलंय की हे चुकलं होतं आणि एका दादांनी हटकल्यावर परत पाहताना सापडलं. तुमचं नाव घालू का, तेवढं कळवा.