चार टक्क्यांचे मानकरी कसे व्हाल?

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला तुमचा छोटा शेड असेल, तिथं लोखंडी कपाटं-स्टुलं तयार होत असतील आणि तुमची जात अनुसूचित असेल, तर भाऊ, आधी अभिनंदन! सरकार तुमच्याकडून माल घ्यायला २०१२ पासून उतावीळ आहे. केंद्राच्या खरेदी धोरणात तसं लिहूनच ठेवलंय. मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा. पूर्वी हा आकडा २० होता. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे, ३ टक्के महिलांचे. कपाट आणि स्टूल तर लहान उद्योगांसाठी राखीव ३५८ वस्तूंच्या यादीत आहेत. आता आपण कोण, एवढंच सिद्ध करायचं राहिलं.

त्यासाठी आजोबा चांगले निवडा. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा असेल तर उत्तम. आजोबांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नसेल, तर ती त्यांची चूक. त्यांनी पुढची सोय बघायला हवी होती. मग कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा उतारा शोधा. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये पाळी करत होते म्हणून तिथं कागद मिळेल, या भ्रमात राहू नका. मिलच्या जागेवर आता मॉल आहे.

कागद मिळाले की खिडकीवर जा. चष्मा कपाळावर सरकवून साहेब विचारतील, "आजोबाच्या कागदावर महार, तुमच्या टीसीवर बौद्ध. नक्की काय समजायचं?" हा प्रश्न नागपुरात विचारला जातोय म्हणून हसू नका. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे साहेबांची गाडी तासभर अडकते, पण १४ ऑक्टोबर १९५६ ला काय झालं त्याची प्रत त्यांच्या फायलीला लागलेली नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा कायदा संसदेनं १९९० मध्ये केला, हेही सांगू नका. हुशार अर्जदाराच्या अर्जात त्रुटी जास्त निघतात.

त्यामानाने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी पोर्टलवर नाव घालणं, सोपी. आधार टाका, तर्री पोह्याची प्लेट संपायच्या आत प्रमाणपत्र हातात. नोंदणी पूर्ण मोफत आहे, त्यामुळे एजंट फक्त 'सर्व्हिस चार्ज' घेतो.

मग कार्यशाळा. २०१६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना मदत करायला केंद्राचं राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झालं, तेव्हापासून तुमचा उत्साह वाढवायची सोय चांगली झालीये. नाव नोंदवा, पिशवी घ्या, बॅनरसमोर फोटो काढा. व्यासपीठावरून सांगतील की तुम्हाला टेंडर फॉर्म फुकट आणि बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, माफ. दोन्ही खरं आहे. घरी येऊन जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची निविदा उघडा. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून लहान उद्योगांना सूट आहे का, असा रकाना असतो. तिथं अनेकदा 'नाही' असतं. म्हणजे बयाणा माफ, पण आधी अमुक कोटींची उलाढाल दाखवा. कपाटाच्या पत्र्याला उलाढाल कुठून चिकटते, ते खरेदी अधिकाऱ्याला ठाऊक. तुम्ही कपाटं सोडून इमारतीच्या बांधकामात असाल तर प्रश्नच मिटला, बांधकामाची कंत्राटं या धोरणात येतच नाहीत.

आता ज्यांच्याकडे भांडवल आहे पण 'योग्य' जात नाही, अशा वाचकांनी खट्टू होऊ नये. भागीदारीत ५१ टक्के वाटा अनुसूचित जातीच्या माणसाचा असला की फर्म त्याची. तुमचा जुना सुपरवायझर बघा, विश्वासू माणूस आहे. त्याला ५१ टक्क्यांचा मालक करा आणि चेकबुकवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सह्या घेऊन ते तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. साहेब व्हिजिटला आले की त्याला खुर्चीत बसवा. चहा सांगायला मात्र उठू देऊ नका, सवय लवकर जात नाही.

हे सगळं करून खऱ्या मालकाला एखादी ऑर्डर मिळालीच, तर दर बहुधा दुसऱ्याचा असेल. सगळ्यात कमी दरापेक्षा तुमचा दर १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्या कमी दराला उतरून निविदेतला २५ टक्क्यांपर्यंत माल पुरवायची संधी मिळते. बिल ४५ दिवसांत मिळायला हवं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा कायदाच आहे. व्याज जरूर मागा. मग त्या ऑफिसात सगळे तुम्हाला नावानिशी ओळखू लागतील, आणि पुढची निविदा तुम्हाला न कळता निघेल.

एवढी यातायात नको वाटत असेल तर निविदाच भरू नका. थट्टा नाही, धोरणात याचीही तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरले नाहीत, किंवा अटींत अन् कमी दरात बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लहान उद्योगांकडून भरून काढायचे. अटी ठरवायच्या साहेबांनी, त्यात न बसायचं तुम्ही, आणि रकाना भरायचा तिसऱ्यानं. वर्षअखेरीच्या तक्त्यात साहेबांचे २५ टक्के झक्कास जुळतात. तुमच्या नावापुढे शेरा असतो, 'सहभागी झाले नाहीत.'