खुलासा : ‘नशीब’ काढून ‘प्रारब्ध’ बसत नाही

रावेर-यावलकडच्या, म्हणजे जळगावच्या केळीपट्ट्यातल्या, व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय : ‘नशीब परका शब्द, शुद्ध मराठीत प्रारब्ध म्हणा.’ अर्धंच खरं. नशीब अरबीतून आलं, मूळ अर्थ वाटा. पण आपल्या ‘भाग्य’मध्येही ‘भाग’च आहे की! प्रारब्ध निराळं. साठलेल्या कर्मांपैकी, म्हणजे संचितापैकी, जे फळू लागलं तेवढंच. शब्दाचा अर्थच ‘सुरू झालेलं’. वादळात कापणीला आलेली केळी घडांसकट आडवी होते, तेव्हा शेतकरी ‘नशीब फुटलं’ म्हणतो. तिथे ‘प्रारब्ध तुझं’ म्हणालात, तर मागच्या जन्मीचं पाप त्याच्या माथी मारता. (बांधावर उभं राहून म्हणून बघाच.) आणि केळीला भाव लागला की ‘प्रारब्ध उघडलं’ कोण म्हणतं? उघडतं ते नशीबच.