‘५०४ घालवायचे पाच रामबाण उपाय’: त्यातला दुसरा आधी खोडा

‘५०४ घालवायचे पाच रामबाण उपाय’ ही यादी डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर फिरतेय. ५०४ म्हणजे मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही, असा मधल्या प्रॉक्सीने दिलेला एरर. इतके दिवस दुर्लक्ष केलं. परवा भाच्याने, ज्याला नोकरी लागून जेमतेम दोन महिने झालेत, तीच पाच कलमं जशीच्या तशी एन्जिनएक्सच्या (क्लायंट, म्हणजे ब्राउझर किंवा अ‍ॅप, आणि मागचे सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी प्रॉक्सी) कॉन्फिगमध्ये उतरवली आणि ‘मामा, एकदा नजर टाक, प्रोडक्शनला टाकतोय’ म्हणून पाठवली. तेव्हा आता लिहिणं आलं.

यादी अशी आहे. (१) कनेक्ट, सेंड आणि रीड हे तिन्ही प्रॉक्सी टाइमआउट ३०० सेकंद करा. (२) ‘प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम’मध्ये (अपस्ट्रीम म्हणजे मागचा सर्व्हर) ‘नॉन आयडेम्पोटंट’ (पुन्हा पाठवली तर परिणामही पुन्हा होतो अशी रिक्वेस्ट) घाला, म्हणजे अडकलेली पोस्ट (काहीतरी नोंदवायला सांगणारी) रिक्वेस्टही आपोआप दुसऱ्या सर्व्हरला जाईल. (३) एरर आला तरी क्लायंटला २०० (‘सगळं ठीक’) द्या, म्हणजे अ‍ॅप क्रॅश होणार नाही. (४) लॉगमधल्या ४९९ (उत्तराआधीच क्लायंटने कनेक्शन तोडलं) कडे बघू नका, युजरने टॅब बंद केली असेल. (५) ५०२ (मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर नाही) आला की कीपअलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) बंद करा.

दुसऱ्यापासून सुरू करतो. बाकीच्या चारांनी फार तर साइट रखडेल, याने लोकांचे पैसे दोनदा कापले जातील.

टाइमआउट झाला तेव्हा प्रॉक्सीला एवढंच ठाऊक असतं की उत्तर आलं नाही. काम झालं की नाही, हे कळायला तिच्याकडे काहीच मार्ग नसतो. समजा बिल भरण्याची पोस्ट आली. पहिल्या सर्व्हरने डेटाबेसात ओळ घातली, कमिट केली आणि पावतीचा ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हिसपाशी तो अडकला. साठाव्या सेकंदाला प्रॉक्सीने कनेक्शन तोडलं. अ‍ॅपला बहुतेक वेळा हे कळतं ते उत्तर लिहायला गेल्यावर, आणि तोवर ओळ कधीच पडलेली असते. इकडे प्रॉक्सीने तीच पोस्ट दुसऱ्या सर्व्हरच्या हातात दिली, त्याने आणखी एक ओळ घातली आणि चार सेकंदांत २०० दिला. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम स्टेटस’ छापत असाल तर तिथे ‘५०४, २००’ दिसेल आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’मध्ये ‘६०.००१, ४.११८’. छापत नसाल तर नुसता २०० दिसेल. डॅशबोर्ड हिरवागार, आणि ग्राहकाच्या खात्यातून दोनदा वजावट.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर एचटीटीपीचं (क्लायंट आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचं) मानकच उघडा: आरएफसी ९११०, जून २०२२, कलम ९.२.२. नॉन-आयडेम्पोटंट रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवण्याबद्दल क्लायंटला तिथे ‘शुड नॉट’ म्हटलंय, म्हणजे शक्यतो करू नये. त्यातही पुन्हा पाठवणं निर्धोक आहे हे कळायची सोय असेल तर मुभा आहे. प्रॉक्सीसाठी मात्र शब्द ‘मस्ट नॉट’ असा आहे. मुभा नाही, पळवाट नाही. एन्जिनएक्सही २०१६ मधल्या १.९.१३ आवृत्तीपासून पोस्ट, पॅच आणि लॉक या प्रकारच्या रिक्वेस्ट एकदा सर्व्हरकडे रवाना झाल्या की पुढच्या सर्व्हरला देत नाही. रामबाणवाल्यांनी नेमकं तेच कुलूप तोडायला सांगितलंय. बरं, गरजही नाही: सर्व्हरने कनेक्शनच नाकारलं आणि रिक्वेस्ट निघालीच नाही, तर पोस्टसुद्धा दुसऱ्या सर्व्हरला आपोआप जातेच.

यात पहिलं कलम मिसळा. ‘प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम ट्राइज’ची मुळातली किंमत ० आहे, आणि ० म्हणजे मर्यादा नाही. तीन सर्व्हर, प्रत्येकी ३०० सेकंद: एक रिक्वेस्ट १५ मिनिटं लोंबकळणार आणि काम तीनदा होणार. आणखी वाईट म्हणजे जिच्यामुळे अ‍ॅपची प्रोसेसच कोसळते अशी रिक्वेस्ट. ती एकामागून एक तिन्ही सर्व्हरना लोळवते. ‘मॅक्स फेल्स’ १ आणि ‘फेल टाइमआउट’ १० सेकंद ही मुळातली सेटिंग असल्याने तिन्ही सर्व्हर बाद धरले जातात, आणि ज्यांचा काही दोष नाही त्या रिक्वेस्टनाही ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’ म्हणून ५०२ मिळतो. ‘गेट’ (नुसती माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टच्या बाबतीत हे दुसऱ्या कलमाशिवायही होऊ शकतं. म्हणून ट्राइज २ ठेवा आणि ‘नेक्स्ट अपस्ट्रीम टाइमआउट’ १० सेकंदांच्या आसपास बांधून टाका.

पोस्ट पुन्हा पाठवावीच लागत असेल तर ते क्लायंटला करू द्या. प्रत्येक व्यवहाराला क्लायंटने स्वतःची आयडेम्पोटन्सी की द्यायची, डेटाबेसात त्या कीवर युनिक इंडेक्स (तीच की दोनदा पडू न देणारा) लावायचा, आणि तीच की परत आली तर नवी ओळ न घालता जुनंच उत्तर द्यायचं.

आता ३०० सेकंद. जखम मांडीला, मलम शेंडीला म्हणतात तो हा प्रकार. मागे गनिकॉर्न (पायथनची अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) असेल तर त्याचा स्वतःचा टाइमआउट ३० सेकंदांचा. सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) तिसाव्या सेकंदाला मारला जातो आणि प्रॉक्सीला ‘अपस्ट्रीम प्रिमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ मिळतं, म्हणजे ५०४ च्या जागी ५०२. पुढे एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा) अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर असेल तर तो मुळात ६० सेकंदच थांबतो. मधल्या खोलीचं दार उघडं ठेवून काय उपयोग, दोन्ही बाजूंची बंद आहेत! शिवाय कनेक्ट टाइमआउट सहसा ७५ सेकंदांपलीकडे जात नाही, हे एन्जिनएक्सच्या दस्तऐवजातच लिहिलंय. आतल्या नेटवर्कवर २ सेकंदांत जोडणी झाली नाही तर पुढे होईल ही आशा सोडा.

‘रीड टाइमआउट’ हा एकूण वेळ नव्हे, दोन वाचनांमधला वेळ आहे. सर्व्हर दर ५० सेकंदांनी एकेक बाइट ठिबकवत राहिला तर ६० चा टाइमआउट कधीच लागणार नाही.

आणि हिशेब करा. सेकंदाला २ रिक्वेस्ट अडकतायत, क्लायंट धरून बसलाय. ३०० सेकंदांत ६०० रिक्वेस्ट उघड्या. प्रत्येकीला क्लायंटकडचं एक आणि सर्व्हरकडचं एक कनेक्शन, म्हणजे १२००. ‘वर्कर कनेक्शन्स’ मुळात ५१२. टाइमआउट ६० असता तर २४० वर भागलं असतं. वेळा आतून बाहेर वाढत गेल्या पाहिजेत: डेटाबेस क्वेरी ८, अ‍ॅप १०, प्रॉक्सी १२, क्लायंट १५, अशा. अ‍ॅप पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीतून बाहेर कॉल करत असेल तर तिथे टाइमआउट हाताने द्या. न दिल्यास ती अनंतकाळ थांबते. चार मिनिटं लागणारा रिपोर्ट खरंच असेल तर २०२ (‘काम घेतलंय, अजून झालेलं नाही’) आणि जॉब आयडी द्या. तेही जमत नसेल तर, चला, त्या एकाच लोकेशनपुरते (यूआरएलच्या पाथपुरते) ३०० ठेवा.

तिसऱ्या कलमात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एन्जिनएक्स स्वतः ५०२ किंवा ५०४ देतं तेव्हा बॉडी एचटीएमएलची असते. जेसन (डेटा पाठवायची मांडणी) वाचायला बसलेलं अ‍ॅप पहिल्याच कोनी कंसावर आपटतं. पण त्यावर २०० हा इलाज नाही. पुढे सीडीएन (उत्तरांच्या प्रती साठवून वाटणारं नेटवर्क) असेल आणि त्याला ‘२०० ची उत्तरं दहा मिनिटं साठव’ असं सांगून ठेवलं असेल, तर तुमचा एरर दहा मिनिटं साऱ्या जगाला वाटला जाईल. मॉनिटरिंग आंधळं होईल ते वेगळंच. ‘एरर पेज’मध्ये ५०२, ५०३, ५०४ ला जेसनची फाइल द्या, मात्र ‘=२००’ लिहू नका; मूळ कोड आपोआप राहतो. ‘प्रॉक्सी इंटरसेप्ट एरर्स’ बंदच असू द्या, नाहीतर अ‍ॅपने नीट लिहून दिलेला ५०३ चा मजकूरही झाकला जाईल. एक बारीक जागा राहते: या उत्तरांवर सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू देणारी) हेडर नसतात, कारण ती अ‍ॅप लावतं. मग ब्राउझर ५०४ न दाखवता सीओआरएसची तक्रार दाखवतो आणि फ्रंटएंडवाला दिवसभर भलतीकडे खणत बसतो. ‘अ‍ॅड हेडर’च्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहा. त्याशिवाय ती ओळ एररच्या उत्तरांना लागत नाही.

४९९: टॅब बंद केल्याने येतो, खरं आहे. पण त्या ओळींमधला ‘रिक्वेस्ट टाइम’ बघा. सगळे ६०.००० च्या आसपास असतील तर तो पुढचा लोड बॅलन्सर आहे. माणसं टॅब बरोबर साठाव्या सेकंदाला बंद करत नाहीत.

कीपअलाइव्ह बंद केल्यावर अधूनमधून येणारे ५०२ जातात, हेही खरं. प्रत्येक रिक्वेस्टला नव्या जोडणीचा भुर्दंड पडतो तो यादीत नाही. कारण बहुधा असं असतं: नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड-जेएसचा) ‘कीपअलाइव्ह टाइमआउट’ पूर्वापार ५ सेकंद आणि प्रॉक्सी रिकामं कनेक्शन ६० सेकंद जपते. नोडने बंद केलेल्या कनेक्शनवर प्रॉक्सीने त्याच क्षणी पोस्ट टाकली की ५०२. नोडकडे ६५ सेकंद करा, ‘हेडर्स टाइमआउट’ त्याहून थोडा जास्त. त्याआधी एरर लॉग मात्र वाचा: १११ म्हणजे त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये, १०४ म्हणजे समोरच्याने कनेक्शन झटकलं, आणि ‘अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर’ दिसलं तर कुकी फुगली आहे, ‘प्रॉक्सी बफर साइझ’ ४ किंवा ८ केबीवरून १६ करा. कीपअलाइव्हचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.