हेवी काढायचंय म्हणताय?

आमच्या गल्लीतल्या दर दुसऱ्या पोराला हल्ली हेवी, म्हणजे ट्रक-बसचं, लायसन्स काढायचंय. काढा की! कागदपत्रं काय, होतात. वय 20 पूर्ण, कारचं लायसन्स वर्षभर जुनं, डॉक्टरचा दाखला, की लर्निंग मिळतं. अडतं त्याच्या पुढं.

एसटीची भरती निघाली की हेवी चालवल्याचा अनुभव मागतात. मागणं रास्तच आहे, मागं पन्नास जीव बसलेले असतात. पण हा अनुभव पोरगं मिळवतं कुठं? डंपरवर, उसाच्या ट्रकवर, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर. म्हणजे ज्याला अजून गाडीचा अंदाज नाही, त्याला आपण सगळ्यात वाईट वेळेची ड्युटी देतो. हे कुणालाच खटकत नाही.

मीही रात्रीची मुंबई मारलीय. दिवसाला 8 तास, लांब पल्ल्याला फार तर 10, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, हे 1961 सालीच कायद्यानं ठरवलं. आमच्या मालकाला ते ठाऊक नसावं. सकाळी बोरिवलीला गाडी रिकामी केली की दुपारी डिकीत चादर टाकून झोपायचं, संध्याकाळी परत स्टेअरिंग. झोप कसली, घामाची अंघोळ नुसती.

खरी ड्रायव्हिंग मी शिकलो ती गगनबावड्याच्या बाजूला, एका म्हाताऱ्या एसटी ड्रायव्हरमामांशेजारी बसून. जुलैचं धुकं, करूळ घाटाची उतरण. मामांचा पाय ब्रेकवर जवळजवळ नव्हताच. “ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर. इंजिनला धरू दे. ब्रेक सारखा दाबलास की ड्रम तापतो, मग पाय पार खाली गेला तरी गाडी धरत न्हाई.” समोरनं ट्रक आला तेव्हा हॉर्नसुद्धा एकदाच, तोही हळू. कोल्हापुरात गंगावेशीत बस वळवताना मागचं ढुंगण किती बाहेर फिरतं, हेही त्यांनीच आरशात दाखवलं. क्लासवाल्यानं मैदानात आठचा आकडा काढायला लावला होता, बास.

असं जुन्या माणसाशेजारी बसून शिकायची पगारी सोय सरकारनं करावी, आणि तोच अनुभव भरतीत धरावा, एवढंच माझं म्हणणं.

तोवर ट्रॅव्हल्सला जाणार असाल तर पगाराआधी विचारा, दुसरा ड्रायव्हर आहे का आणि तो झोपतो कुठं. आणि लायसन्सची झेरॉक्स द्या, ओरिजिनल मालकाकडं ठेवू नका.