खुलासा : कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष मतदान बंद झालेले नाही
'राज्याच्या कायद्याने मतदान केंद्रे बंद केली, आता मत फक्त टपालानेच देता येईल' हा कॅलिफोर्नियातील मराठी गटांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. २०१६ च्या 'व्होटर्स चॉइस ॲक्ट' या राज्याच्या कायद्याचा मूळ मजकूर वाचल्यावर दिसते, की ज्या काउंटींनी (राज्यातील जिल्ह्यांसारख्या विभागांनी) या कायद्यातील पद्धत स्वीकारली तेथे वस्तीनिहाय केंद्रांऐवजी मोठी मतदान केंद्रे असतात आणि मतदार आपल्या काउंटीतील कोणत्याही केंद्रावर मत देऊ शकतो. मतदानाच्या दिवशी व आधीचे तीन दिवस दर १०,००० नोंदणीकृत मतदारांमागे एक केंद्र आवश्यक असते. मतपत्रिका घरी येते हे खरे, पण टपालाची सक्ती नाही. जुने केंद्र बंद दिसल्याने वयोवृद्ध मतदार परत फिरू नयेत, ही मला खरी काळजी वाटते. म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.