‘जिंकला तोच चांगला’ कुठे फसतं

एक वाक्य सध्या मोठ्या भक्तिभावाने फिरतंय: ‘चांगलं-वाईट असं काही नसतं. इतिहास जेते लिहितात, न्याय जेते करतात, आणि उपाशी माणसाला नीती परवडत नाही.’ बळी तो कान पिळी, हे कोण नाकारतंय? पण पिळणाऱ्याचं बरोबरच असतं, असं ती म्हणसुद्धा म्हणत नाही.

आधी इतिहास. प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाची हकीकत लिहिणारा थ्युसिडिडीस अथेन्सचा, म्हणजे हरलेल्या बाजूचा. वर त्याच शहराने हद्दपार केलेला सेनापती. इ.स.पू. ४१६ च्या मोहिमेत अथेन्सने मेलोस बेटावरचे पुरुष कापून काढले, बायकामुलांना गुलाम केलं, हे आपल्याला त्याच्याचकडून कळतं. अमेरिकी यादवीत हरलेल्या दक्षिणेने तर पुढे कित्येक दशकं पुतळ्यांत आणि पाठ्यपुस्तकांत आपलीच बाजू खपवली.

न्यायाच्या मुद्द्यात मात्र दम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेम्बर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला; तिथले न्यायाधीश चार जेत्या देशांचेच होते, आणि त्या देशांनी शहरांवर केलेली बॉम्बफेक कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली नाही. पण जर्मन नौदलाचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ याचं प्रकरण बघा. त्याच्यावरच्या आरोपांत पाणबुड्यांनी नियम मोडून जहाजं बुडवल्याचाही आरोप होता. त्याच्या वकिलाने थेट अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झकडून लेखी उत्तर मिळवलं: पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून बेधडक जहाजं बुडवली. न्यायालयाने ते निकालात नोंदवलं आणि पाणबुडीयुद्धातल्या नियमभंगाची शिक्षा त्याला दिली नाही. दहा वर्षं मिळाली ती बाकीच्या गुन्ह्यांबद्दल. ‘तुम्हीही तेच केलंत’ असं ठणकावायला दोघांनाही लागू होणारा नियम आधी लागतो. जिंकणं हाच निकष असता, तर निमित्झचं उत्तर केराच्या टोपलीत गेलं असतं. त्याच खटल्यात तिघे चक्क निर्दोष सुटले.

उरली भूक. ‘बुभुक्षितः किं न करोति पापम्’, भुकेला कोणतं पाप करत नाही, हे तोंडावर फेकलं की वाद संपला, असं अनेकांना वाटतं. १९४१ ते १९४४ च्या जर्मन वेढ्यात रशियातल्या लेनिनग्राड शहराच्या वनस्पती संस्थेत धान्याच्या बियाण्यांचा प्रचंड साठा होता. तो राखणारे शास्त्रज्ञ उपासमारीने एकेक करत गेले. भाताच्या वाणांचा तज्ज्ञ दिमित्री इवानोव मेला तेव्हा त्याच्या ताब्यात भाताची हजारो पाकिटं होती. त्याच शहरात नरभक्षणासाठी माणसांना अटकही झाली. भूक दोन्हीकडे होती, म्हणजे निवाडा एकट्या भुकेने केला नाही.

भुकेने दोष हलका होतो, हे मान्य. उपाशी आईने पोरासाठी अन्न चोरलं, तर आपण तिला माफ करतो. पण वाईट असं काही नसतंच, तर माफी कशाची?